नीट बसलेले सांधेच का उघडले? सागवानी टेबलटॉपचे एक प्रकरण

टेबल देऊन पाच महिने झाले होते. ज्यांच्याकडे ते गेले होते त्या ताईंचा फोन आला. "दादा, टेबलाला टोकाकडून फट पडलीय. कागद सरकवला तर आत जातोय." मी विचारले, एकाच ठिकाणी की जास्त? त्या म्हणाल्या, "दोन ठिकाणी. बाकी सगळं छान आहे."

त्या "बाकी सगळं छान आहे"वर मी दोन दिवस विचार करत होतो. सगळेच सांधे सुटले असते तर डिंक खराब होता म्हणून मोकळा झालो असतो. इथे सहापैकी चार सांधे दगडासारखे घट्ट होते आणि दोन उघडले होते. लाकूड एक, डिंकाची बाटली एक, हात एकच. तरीही असे का झाले, याचा मी शेवटपर्यंत माग काढला. त्यात हाती आलेले, लाकूड चिकटवणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ते तपशिलासह लिहितो आहे.

टेबलाचा वरचा भाग १८०० मिमी लांब, ९०० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड. सात सागवानी फळ्या कडेला कड लावून चिकटवलेल्या. मध्ये खुंट्या नाहीत, खाचा नाहीत, नुसता डिंकाचा सांधा. चांगल्या केलेल्या अशा सांध्याला खुंटीची गरज नसते आणि हे मी आजही म्हणतो. डिंक पॉलीव्हिनाइल ॲसिटेटचा, म्हणजे सुतारकामातला नेहमीचा पांढरा डिंक, पाण्याला थोडा जास्त टिकणारा, डी ३ वर्गातला. खालच्या चौकटीला टॉप लांबट भोकांतून स्क्रूने धरला होता, म्हणजे लाकूड फुगले-आकसले तरी त्याला सरकायला जागा होती.

टॉप कार्यशाळेत परत आणला. दुसऱ्या क्रमांकाचा सांधा एका टोकाकडून साधारण ३०० मिमी उघडला होता, पाचवा दोन्ही टोकांकडून. पाचव्यात पटाशी घालून लाकडी हातोड्याने एकच ठोका दिला आणि उरलेला सांधाही कडकन सुटला. खरा सांधा असा कधीच सुटत नाही. तो लाकूड घेऊन सुटतो.

आमच्याकडे काम करणारे जुने काका शेजारी उभे होते. त्यांनी सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा डिंक लाकडाला लागलाच नव्हता. नुसता टेकून बसला होता." पुढचे सगळे या एका वाक्याचा खुलासा आहे.

सुटलेल्या कडा काय सांगत होत्या

सांधा सुटला की आधी डिंकाकडे बघावे, मग लाकडाकडे. तुटण्याची जागाच बहुतेक वेळा कारण सांगून जाते. काही अभ्यासक सांध्याला नऊ कड्यांच्या साखळीची उपमा देतात: मधोमध डिंकाचा थर, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाजवळचा जरा वेगळा वागणारा डिंक, मग डिंक आणि लाकूड जिथे भेटतात ती सीमा, मग कापताना-रंधताना ज्याला मार बसला ते वरचे लाकूड, आणि शेवटी आतले शाबूत लाकूड. साखळी सर्वांत कमजोर कडीला तुटते. चांगल्या सांध्यात लाकूड हीच सर्वांत कमजोर कडी असायला हवी.

डिंक गारठ्यात सुकला असता तर थर खडूसारखा पांढरा आणि भुरभुरीत झाला असता. या डिंकाचे कण एका ठरावीक तापमानाखाली एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा बनवूच शकत नाहीत. माझा थर पारदर्शक, चिवट होता, नखाने सोलला तर पट्टीसारखा निघत होता. सांधा मिटायला उशीर होऊन डिंकावर साय धरली असती, तर दोन्ही कडांवर डिंक दिसला असता आणि त्यावर ब्रशच्या रेघा तशाच राहिल्या असत्या. तेही नव्हते. दाब जास्त होऊन किंवा डिंक कमी लागून सांधा उपाशी राहिला असता, तर थर जवळजवळ दिसलाच नसता.

मला जे दिसले ते असे. एका कडेवर डिंकाचा संपूर्ण थर, अखंड, चकचकीत. समोरची कड कोरी करकरीत. तिथे डिंक कधी होता याची खूणही नाही, लाकडाचा एक तंतूही उपटलेला नाही. म्हणजे डिंक तुटला नव्हता आणि लाकूडही तुटले नव्हते. दोघांमधली सीमाच सुटली होती.

मग बॅटरी अगदी तिरकी धरून मी तो डिंकाचा थर भिंगातून पाहिला. त्यावर बारीक लाटा होत्या, एकसारख्या अंतराने, वाळूवर ओहोटीनंतर उमटतात तशा. यंत्रातली पाती फिरताना लाकडावर अशाच लाटा सोडतात. डिंकाने त्यांचा हुबेहूब साचा घेतला होता. म्हणजे द्रव असताना तो लाकडाच्या प्रत्येक लाटेत नीट पोचला होता, आणि तरीही धरला नव्हता.

हाताच्या रंध्याने अशा लाटा उमटत नाहीत. मग मला आठवले.

मधले अठरा दिवस

फळ्यांच्या कडा मी यंत्रावर सरळ करून घेतल्या होत्या. त्यानंतर तापाने पडलो आणि फळ्या कापडाखाली रचून अठरा दिवस तशाच राहिल्या. परत आलो तेव्हा कोरडी जुळणी करून पाहिली. चार सांध्यांत मध्ये उजेड दिसत होता, म्हणून त्या आठही कडांवर हाताने रंधा मारला. दुसरा आणि पाचवा सांधा मात्र असा बसला होता की केसही जाणार नाही. मला फार समाधान वाटले. त्यांना मी हात लावला नाही. तासाभरात सहाही सांधे एकदम शिकंज्यात आवळले.

ज्या सांध्यांत खोट होती आणि जे दुरुस्त करावे लागले ते टिकले. जे सुरुवातीपासून निर्दोष होते ते सुटले.

सातही फळ्या एकाच वेळी आवळल्यामुळे एक मोठी सोय झाली. शिकंज्याचा जोर एकापाठोपाठ एक सहाही सांध्यांतून जातो, त्यामुळे कमी दाबाचा संशय आपोआप गळतो. कठीण लाकडाला साधारण १.२ ते १.७ मेगापास्कल दाब सांगतात. १८०० बाय २५ मिमीच्या कडेला १.२ मेगापास्कल म्हणजे ५४,००० न्यूटन, जवळजवळ साडेपाच टन. माझे आठ शिकंजे एवढा जोर नक्कीच देत नव्हते. पण जो दाब दुसऱ्या सांध्याला तोच तिसऱ्याला, आणि तिसरा शाबूत होता. बाटली, खोलीचे तापमान, वाळण्याचा वेळ हे सगळे समान. डिंक लावायला सुरुवात पहिल्या सांध्यापासून केली होती, म्हणून सर्वांत जास्त वाट पाहिली ती पहिल्याने, आणि तोही घट्ट. फरक एवढाच उरला की चार सांध्यांच्या कडा तासाभरापूर्वी उघडलेल्या होत्या आणि दोघांच्या अठरा दिवसांपूर्वी.

लाकूड आकसले, हे खरेच. टॉप केला तेव्हा ओलावा ११ टक्के होता, परत आला तेव्हा ८. हिरव्या, म्हणजे ताज्या तोडलेल्या लाकडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान स्पर्शरेषीय दिशेने, म्हणजे वाढीच्या वलयांच्या कडेकडेने, साधारण ५.८ टक्के आकसते. त्या हिशेबाने ३ टक्के ओलावा गेल्यावर ९०० मिमीच्या रुंदीत ५ मिमीच्या आसपास फरक पडतो. लाकडात ओल रेषांच्या दिशेने आडव्यापेक्षा कित्येक पटींनी लवकर पळते, म्हणून फळीची टोके आधी सुकतात, मधला भाग मागे राहतो आणि टोकाकडच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणूनच फट टोकाकडून सुरू झाली. पण हा ताण सहाही सांध्यांनी सोसला. आकसण्याने फक्त दुखणे कुठे आहे ते दाखवून दिले.

पाण्याचा थेंब

त्याच फळ्यांचे उरलेले तुकडे कोपऱ्यात होते, यंत्राची कड तशीच असलेले. एका तुकड्याच्या कडेवर अर्ध्या भागात मी रंध्याचा एकच हात मारला, केसाएवढा पातळ छिलका काढला. मग ड्रॉपरने दोन्ही भागांवर एकेक थेंब सोडला.

जुन्या कडेवर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला. खिडकीचे प्रतिबिंब त्यात स्पष्ट दिसत होते. मिनिट झाले तरी तो तसाच. त्याच्यापासून दोन बोटांवर, नुकत्या रंधलेल्या भागात, थेंब टेकताच बसका झाला, रेषांच्या दिशेने दोन्हीकडे पाय पसरत गेला आणि काही सेकंदांत नुसता ओला डाग उरला. लाकूड एकच, कड एकच, मध्ये फक्त एका छिलक्याचा फरक. काकांनी ते दोनदा करून पाहायला सांगितले.

पांढऱ्या डिंकात जवळजवळ अर्धे पाणीच असते. पाणी ज्या पृष्ठभागावर गोळा होऊन बसते तिथे हा डिंक मनापासून पसरत नाही. शिकंज्याने दाबून त्याला लाटांत बसवता येते, माझ्या सांध्यात तेच झाले होते. दाबाने तो जागेवर पोचतो, पण लाकडाशी त्याचे नाते दाबाने जुळत नाही.

हे नाते कसे जुळते ते जरा सविस्तर सांगतो, कारण "डिंक लाकडाच्या छिद्रांत शिरून अडकतो" एवढ्यावरच बरेच जण थांबतात. शिरतो हे खरे. सागवानाच्या वाढीच्या वलयात सुरुवातीला ज्या मोठ्या नळ्या असतात त्या तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पेशींच्या पोकळ्यांत डिंक काही पेशींच्या खोलीपर्यंत उतरतो आणि तिथे घट्ट होतो. पण माझ्या सुटलेल्या थरावर या नळ्यांचेही ठसे होते. डिंक आत उतरला होता आणि तसाच, हातमोज्यातून हात निघावा तसा, अलगद बाहेर आला होता. नुसत्या अडकण्यावर सांधा टिकत असता तर हे झाले नसते.

खरी पकड रेणूंच्या पातळीवर असते. लाकडाचा साधारण ४० ते ४५ टक्के भाग सेल्युलोज असतो, बाकी मुख्यतः हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची लांब साखळी, आणि तिच्या प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हे गट समोर योग्य रेणू आला की त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडतात. पांढऱ्या डिंकातही असे बंध स्वीकारणारे गट भरपूर असतात. एकेक बंध कमजोर, पण चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या इतकी प्रचंड की लाकूड फाटेल पण ते सुटणार नाहीत. अट एकच: अंतर ०.३ नॅनोमीटरच्या आसपास हवे. ७५ मायक्रोमीटर जाडीचा केस याच्या अडीच लाख पट जाड भरतो. केस जाणार नाही असा सांधा म्हणून मी ज्याचा अभिमान बाळगला, त्याची ही मोजपट्टी.

कागद हे याचे सुंदर उदाहरण आहे. साधा कागद बनवायला डिंक लागत नाही. ओले सेल्युलोजचे तंतू सुकता सुकता एकमेकांना बिलगतात, पाणी निघून जाताना त्यांना इतके जवळ ओढते की तंतू-तंतूंत थेट बंध जुळतात. म्हणूनच कागद भिजला की लिबलिबीत होतो, पाणी परत मध्ये शिरून बंध सोडवते. लाकडाच्या दोन कडा अशा जवळ येऊच शकत नाहीत, त्या कडक आणि खडबडीत असतात. त्यांच्यामधल्या दऱ्याखोऱ्या भरून दोन्ही बाजूंच्या सेल्युलोजला भेटायचे हे डिंकाचे काम. डिंकातले पाणी लाकूड शोषते, कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रा बनतो. हे कण साधारण मायक्रोमीटरच्या घरातले, आणि पेशीभित्तिकेतली छिद्रे काही नॅनोमीटरची. म्हणजे हा डिंक पोकळीत जातो पण भित्तिकेच्या अंगात शिरत नाही. फिनॉल फॉर्मल्डिहाइडसारख्या रेझिनचे लहान रेणू भित्तिकेतही शिरतात, पाण्यातल्या प्लायवूडला त्याचा फायदा होतो. पांढऱ्या डिंकाला सगळी भिस्त पृष्ठभागावरच ठेवावी लागते. पृष्ठभाग बिघडला की त्याच्याकडे दुसरा आधार नाही.

आणि पृष्ठभाग बिघडतो तो आपोआप. लाकूड कापल्यावर उघडी पडलेली ताजी कड पाण्याला ओढ असलेली असते. पण लाकडाच्या आत तेल, मेण, राळ, स्निग्धाम्ले अशी द्रव्ये असतात आणि ती हळूहळू वर येऊन पसरतात. हवेतले कणही बसतात. सागवानात ही गोष्ट जास्तच, त्याचा तेलकट स्पर्श सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये आहेत, रबरासारखा पदार्थही आहे. बाहेरच्या पाण्यापासून सागवानाचे रक्षण करणारे हे गुण डिंकातल्या पाण्यालाही तसेच अडवतात. हा थर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. बंध तोडायला काही रेणूंची जाडी पुरते.

पंधरा जोड्या

एवढे कळल्यावरही एक शंका उरली. यंत्राची पाती तेव्हा बोथट झाली होती. सागवानात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी दाबते, घासते आणि चमकवते, वरच्या पेशी चेपल्या जातात. मग दोष वयाचा की धारेचा? ती पाती मी बदलून बाजूला ठेवलेली होती. ती परत चढवली आणि पाच प्रकारच्या कडा तयार केल्या, प्रत्येकी तीन जोड्या. सगळ्या त्याच बाटलीतल्या डिंकाने चिकटवल्या, सात दिवस ठेवल्या आणि डिंकाच्या रेषेवर पटाशी ठेवून फोडल्या.

पाच महिने जुनी यंत्राची कड: तिन्ही जोड्या टेबलासारख्याच स्वच्छ सुटल्या.

बोथट पातीने त्याच दिवशी काढलेली ताजी कड वेगळी वागली. डिंकाने लाकूड उपटले, पण अगदी वरवरचे. थरावर मखमलीसारखी बारीक लव चिकटून आली. चेपलेल्या पेशींची ही खूण. डिंकाने त्यांना धरले, पण त्या स्वतःच खालच्या लाकडापासून निखळल्या. टेबलाच्या कडेवर अशी लव कुठेच नव्हती, म्हणून धार हा तिथला मुख्य गुन्हेगार नव्हता.

धारदार रंध्याने काढून अठरा दिवस फळीवर ठेवलेली कड मला सर्वांत बोलकी वाटली. काही ठिकाणी लाकूड उपटले, काही ठिकाणी कोरे चट्टे. पेशी शाबूत, धार उत्तम, तरी नुसत्या दिवसांनी एवढे केले.

रंधा मारून पाव तासात चिकटवलेल्या जोड्यांत पटाशी डिंकाच्या रेषेवर टिकेच ना. ती घसरून लाकडात शिरली आणि ढलपी निघाली. तिन्ही वेळा.

जुनी कड ॲसीटोनने पुसून लगेच चिकटवली तर निकाल बराच सुधारला, बहुतेक भागात लाकूड फाटले. पण एका जोडीत, जिथे डिंक लावायला मला थोडा उशीर झाला, तिथे कोरा पट्टा राहिला. पुसल्याने वरचे तेल जाते, खालचे परत वर येते. शिवाय चेपलेल्या पेशी काही पुसून जात नाहीत. रंधा शक्य असेल तिथे मी ॲसीटोनकडे वळणार नाही. बारीक पॉलिशपेपरनेही थेंब पसरायला लागतो, पण त्याने कडेचे कोपरे गोल होतात आणि सांधा मिटत नाही.

इपॉक्सी वापरा, असा सल्ला मला दोघांनी दिला. इपॉक्सीलाही आधी लाकूड ओले करावेच लागते, आणि वारंवार ओलसर-कोरडे होणाऱ्या लाकडावर तिची पकड सीमेवरच कमी पडते हे जाणकारांना ठाऊक आहे. बाटलीवरचा डी ३ हा शिक्काही नीट समजून घ्यायला हवा. युरोपीय मानकाची ती चाचणी बीच लाकडाच्या ताज्या तयार केलेल्या पट्ट्यांवर होते: कोरड्यात किमान १० न्यूटन प्रति चौरस मिमी, चार दिवस पाण्यात ठेवून ओल्याने किमान २, आणि परत सुकवल्यावर किमान ८. बीचमध्ये सागवानाचे तेल नसते. आकडे डिंकाबद्दल खरे बोलतात, माझ्या अठरा दिवस पडून राहिलेल्या कडेबद्दल काहीच बोलत नाहीत.

दुरुस्ती

फटीत सुईने डिंक सोडून परत आवळणे सर्वांत सोपे होते. त्याचा काही उपयोग झाला नसता. आत तीच तेलकट कड होती आणि समोर वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा, ज्याला पाणी शोषता येत नाही. नव्या डिंकाला दोन्हीकडे दार बंद.

म्हणून दोन्ही सांधे पूर्ण मोकळे केले. डिंकाचा थर खरवडून काढला आणि चारही कडा रंध्याने शाबूत लाकूड लागेपर्यंत खाली नेल्या, प्रत्येकी साधारण दीड मिमी. पाती दगडावर लावून घेतलेली. शेवटचा छिलका अखंड १८०० मिमी निघाला तेव्हा कडेवर थेंब टाकून पाहिला, तो लगेच बसला. डिंक दोन्ही कडांना लावला, एकीला नाही. दोन्हीकडचे लाकूड डिंक ओला असतानाच भिजायला हवे. यावेळी एका वेळी एकच सांधा आवळला, शिकंजे आठऐवजी अकरा, आणि रंधा खाली ठेवल्यापासून शेवटचा शिकंजा आवळेपर्यंत वीस मिनिटे लागली. टॉप ६ मिमी अरुंद झाला. खालच्या चौकटीवरची भोके तेवढी सरकवून घेतली.

ताईंना मी सगळे सांगितले, माझे अठरा दिवसही. त्यांनी विचारले, "मग बाकीचे चार?" त्या चारांच्या आठही कडा त्याच दिवशी रंधलेल्या होत्या. एका टोकाच्या वाढीव भागातून मी त्या सांध्यांच्या पातळ चकत्या कापून हाताने मोडून पाहिल्या. चारही चकत्या सांधा सोडून शेजारच्या लाकडात मोडल्या. त्या सांध्यांना मी हात लावला नाही.

आता आमच्याकडे कड रंधली की तिच्यावर पेन्सिलने तारीख आणि वेळ लिहितो. तारीख कालची निघाली तर सांधा कितीही सुरेख बसत असला तरी तिच्यावर एक छिलका काढल्याशिवाय डिंकाची बाटली उघडत नाही. टेबलाने त्यानंतर एक पूर्ण वर्ष काढले आहे, कोरडे महिनेही. परवा ताईंकडे गेलो तेव्हा दुसऱ्या आणि पाचव्या सांध्याच्या टोकांवर नख फिरवून पाहिले. नख कुठे अडले नाही.